बजावणी

समन्स आलं तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो.
नवा बेलिफ, पोरगाच. फाटकापासून दोन हात लांब उभा.
ये ना, बांधलाय, मी म्हटलं.
इथंच बरा आहे काका, सही करा.

एकतीस वर्षं मीही असाच उभा राहिलो,
महाल, सक्करदरा, पार हुडकेश्वरच्या लेआउटांपर्यंत,
काखेत कागद, हातात सायकलचा पंप.
उजव्या पोटरीवर अजून चार दातांची सही आहे,
सन ब्याण्णव, इतवारीतल्या एका शेठचा काळा.
चौदा सुया, पोटात.
शेठ म्हणाला होता, आमचा कधीच चावत नाही.
ते वाक्य पुढं शंभर फाटकांवर ऐकलं
आणि यंदा मार्चच्या बारा तारखेला
माझ्याच तोंडून.

डोमाजी पराते. वय त्रेसष्ट. राहणार तांडापेठ.
बायकोनं सांगितलेलं करवतकाठी लुगडं घेऊन आले होते.
फाटकाची कडी दिवाळीपासून ढिली,
मी सुतळीनं बांधलेली.
उद्या बघू.
उद्या बघू म्हणता म्हणता होळी आली
आणि सुतळी तुटली.

कुत्र्याचं नाव साहेब. नातवानं ठेवलेलं.
ठाण्यात हवालदार लिहिता लिहिता अडला,
'साहेब चावला, असं लिवू का जी?'
कुणी हसलं नाही.

मेयोत नळाखाली जखम धुतली, साबणानं, पंधरा मिनिटं,
मग जखमेतच सुया.
डोमाजी ओरडले नाहीत.
एवढंच म्हणाले,
'मागाची पावडी याच पायानं दाबतो जी मी.'

दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, डॉक्टर म्हणाले होते.
दहा दिवस त्यांचा धाकटा सकाळी सकाळी फाटकाशी यायचा,
'जिता हाय ना?'
आमच्या साहेबाच्या आयुष्यासाठी
घरातल्या कुणीही एवढा जीव टाकला नसेल.
अकराव्या दिवशी तो आला नाही.
मी मात्र सात वाजता बाहेर जाऊन उभा.

वकील म्हणाला, पाटी होती ना? मग झालं तर.
तरी तो आत आला, असं म्हणू.
पाटी मीच रंगवलेली, तांबड्या तेलरंगात,
'सावध'चा ध जरा वाकडा.
रात्री टॉर्च घेऊन पुन्हा वाचली.
येणाऱ्याला ती सांगते, सावध रहा.
कोर्टाला सांगेल, ह्याला ठाऊक होतं.
माझ्याच अक्षरात. निशाणी एक.

कलम दोनशे एक्क्याण्णव.
सहा महिने, किंवा पाच हजार, किंवा दोन्ही.
त्यात कुत्र्याचं इमान नाही, नातवाचा लळा नाही,
ऊन किती होतं तेही नाही.
विचारलंय एवढंच, की खबरदारी पुरेशी होती का.
म्हणजे कडी.
नव्वद रुपये, कुठल्याही हार्डवेअरमध्ये.

भरपाईचं वेगळं, ते दिवाणीत.
आत्ता पैसे देऊ नका, कबुली होईल, वकील म्हणाला.
तरी गेलो तांडापेठेत. माग बंद,
ताण्यावर अर्धवट निळं लुगडं, त्यावर धूळ.
डोमाजींनी नोटांकडे बघितलं,
'केस मांगं घ्या म्हणता का जी?'
नाही. केस राहू द्या. हे पायाचे.
'मंग मोजा. इथंच, पोरासमोर.'
मोजले. तीन आठवड्यांची मजुरी.
एक नोट फाटकी निघाली, ती बदलून दिली.

'कडी नवी दिसते, काका,' बेलिफ म्हणाला.
हो.
'खाली तारीख घाला.'

कागदावर गुन्ह्याची तारीख बारा मार्च आहे.
इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद बजावले, कधी चूक काढली नाही.
ही काढावीशी वाटली.
दिवाळीतला पाडवा होता तो.
बायको म्हणाली होती, सुतार बोलवा,
आणि मी किराण्याच्या पुड्याची सुतळी सोडवून
फाटकाकडे गेलो होतो.